अर्धवट औषध आणि जंतूंचा डाव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नालासोपाऱ्यात राहणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण खोकल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आला होता. महिनाभर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटलेले. थुंकीची तपासणी झाली, क्षयरोग निघाला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, वजन चार किलोने वाढले. मग रोजची ड्यूटी, सकाळची गर्दीची गाडी आणि रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यावर होणारी मळमळ यांचा हिशेब त्याने आपल्या मनाशी केला आणि गोळ्या बंद केल्या.

आठ-दहा महिन्यांनी तो परत आला. या वेळी त्याच्याबरोबर बारावीत शिकणारी त्याची धाकटी बहीणही होती. दोघांनाही क्षय, आणि तोही नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा. त्या काळी अशा क्षयाचे उपचार दोन वर्षे चालत आणि त्यात कित्येक महिने इंजेक्शने घ्यावी लागत. दोघेही बरे झाले, पण बहिणीची दोन वर्षे शाळेबाहेर गेली आणि इंजेक्शनांमुळे तिला उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले. तो मला एकदा म्हणाला, ''डॉक्टरसाहेब, गोळ्या मी सोडल्या आणि शिक्षा तिला झाली.''

त्याचे हे वाक्य मी विसरलो नाही. आजचा लेख त्याच वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी आहे. एकाने गोळ्या सोडल्या तर दुसऱ्याला शिक्षा का होते? याचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी तीन निरनिराळ्या शास्त्रांची मदत घ्यावी लागते: सजीवांच्या उत्क्रांतीचे शास्त्र, डावपेचांचा हिशेब मांडणारे गणित आणि यंत्रे ताब्यात ठेवण्याची अभियांत्रिकी. नावे जड वाटली तरी वाचकांनी घाबरू नये. तिन्हींची उदाहरणे आपल्या घरात आणि आपल्या विरार लोकलमध्येच आहेत.

तापात सुचलेली कल्पना

फेब्रुवारी १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक आजच्या इंडोनेशियातील बेटांवर तापाने फणफणून पडला होता. त्या तापातच त्याला एक कल्पना सुचली. प्रत्येक पिढीत जगू शकतील त्यापेक्षा जास्त जीव जन्माला येतात. त्यांच्यात थोडेथोडे फरक असतात. ज्याचा फरक परिस्थितीला जुळतो तो तगतो आणि त्याची संतती वाढते. डार्विनही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला होता. दोघांचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले.

वॉलेसने त्या लेखात या क्रियेची तुलना वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या गव्हर्नरशी केली होती. इंजिनाचा वेग वाढला की गव्हर्नरचे फिरते गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग कमी झाला की गोळे आत येतात आणि झडप उघडते. माणसाने हात न लावता वेग सांभाळला जातो. निसर्गातील निवडही अशीच आपोआप चालते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे उत्क्रांती आणि यंत्रनियंत्रण यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. पुढे १८६८ मध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने याच गव्हर्नरांचे गणित मांडले आणि त्यातून नियंत्रणाच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

उत्क्रांती म्हटले की आपल्याला लाखो वर्षे आठवतात. पण जंतूंची पिढी फार लहान असते. आतड्यातील काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाचा जंतू त्या मानाने फार सुस्त. त्याला दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात. तरीही एका रुग्णाच्या सहा महिन्यांच्या आजारात त्याच्या शेकडो पिढ्या होऊ शकतात. माणसाच्या शेकडो पिढ्या म्हणजे कित्येक हजार वर्षे. तेवढा इतिहास एका छातीत घडतो.

छातीतील हिशेब

पुष्कळांचा असा समज असतो की औषध खाऊन खाऊन जंतूला त्याची सवय होते. हे खरे नाही. लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये दाखवून दिले की जंतूंमधील बदल आधीच, योगायोगाने झालेला असतो. औषध तो बदल घडवत नाही, फक्त त्यातून निवड करते. चाळणीने गव्हातले खडे तयार होत नाहीत, ते वर उरतात, तसेच हे.

आता थोडा हिशेब करू. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिच्यात साधारण दहा कोटी जंतू असू शकतात. ढोबळ अंदाजाने, आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू दहा लाखांत एक असतो. रिफाम्पिसिन या औषधाला न जुमानणारा दहा कोटींत एक. रुग्णाला फक्त आयसोनियाझिड दिले तर दहा कोटींपैकी शंभर जंतू वाचतील. बाकीचे मेल्यावर त्यांना मोकळे रान मिळेल आणि काही महिन्यांत सारी पोकळी त्यांच्याच संततीने भरेल.

दोन्ही औषधे एकाच वेळी दिली तर? दोघांनाही पुरून उरणारा जंतू सापडायला दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एक कोटीला एक कोटीने गुणून येईल एवढे जंतू असावे लागतील. तेवढे कोणाच्याही छातीत नसतात. क्षयासाठी एकदम चार औषधे का देतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. आज नव्या रुग्णाला पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्बुटॉल, तर पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे देतात. चारांपैकी मळमळ करणारी गोळी बाजूला काढून उरलेल्या घेणारा रुग्ण हा गुणाकार स्वतःच्या हाताने पुसून टाकत असतो.

हा धडा जगाला किंमत देऊन शिकावा लागला. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा एक प्रसिद्ध प्रयोग छापून आला. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना ते औषध दिले, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी औषध घेतलेल्यांत ४ जण दगावले होते आणि बाकीच्यांत १४. सगळीकडे आनंद झाला. पण पाच वर्षांनी पाहिले तेव्हा ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ मरण पावलेले होते. एकट्या औषधाचा विजय जंतूंनी बहुतांशी परत घेतला होता.

विरारच्या गाडीतील जागा

आता दुसऱ्या शास्त्राकडे वळू. इंग्रजीत त्याला गेम थिअरी म्हणतात. आपण डावाचे शास्त्र म्हणू. माझा फायदा केवळ माझ्या चालीवर नव्हे तर इतरांच्या चालीवरही अवलंबून असतो, अशा प्रसंगांचा हा हिशेब आहे.

आपल्याकडे त्याचे उदाहरण रोज सकाळी घडते. नालासोपाऱ्याच्या प्रवाशाला चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळत नाही. म्हणून तो उलट्या दिशेने विरारला जाणारी गाडी पकडतो, तिथे न उतरता बसून राहतो आणि तीच गाडी सुटली की आरामात मुंबईला जातो. यालाच आपण 'रिटर्न येणे' म्हणतो. एकाने केले तर त्याचा फायदा. पण हेच शेकडो जणांनी केले की विरारच्या माणसाला आपल्या स्टेशनवर सुटणाऱ्या गाडीतही उभे राहावे लागते, आणि रिटर्न येणाऱ्यालाही आता आणखी लवकर घरून निघावे लागते. प्रत्येकाने आपल्या दृष्टीने शहाणी चाल केली आणि सर्वांची सकाळ आधीपेक्षा वाईट झाली. यात दुष्ट कोणीच नाही. डावच तसा मांडलेला आहे.

अर्नाळा आणि पाचूबंदरच्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. बारीक आसाच्या जाळ्याने लहान मासळी उचलणाऱ्याला आज चार पैसे जास्त मिळतात, पण पुढच्या वर्षी समुद्र सर्वांसाठीच रिकामा होतो. म्हणून तर पावसाळ्यातील मासेमारीबंदीसारखे नियम लागतात, आणि तो नियम एकट्याने पाळून भागत नाही.

हे गणित माणसांसाठी तयार झाले, पण १९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी ते प्राण्यांना लावले. हे मेनार्ड स्मिथ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन यांचे विद्यार्थी. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. विचार न करणारा प्राणीसुद्धा डाव खेळतो, कारण वाईट चाल खेळणारे मागे पडतात आणि चांगली चाल पुढच्या पिढीत उतरते, असे या दोघांनी दाखवले. जंतूला मेंदू नाही. तरी तो आपल्याविरुद्ध उत्तम खेळतो, ते याच कारणाने.

दवाखान्यातील डाव

आता हाच डाव दवाखान्यात पाहू. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. डॉक्टरला हे माहीत असते. पण समोरच्या रुग्णाला उद्या कामावर जायचे असते आणि 'स्ट्राँग औषध' हवे असते. डॉक्टरच्या मनात येते की आपण दिले नाही तर हा पलीकडच्या दवाखान्यात जाईल. पलीकडचा डॉक्टरही नेमका तसाच विचार करतो. औषधाच्या दुकानदाराचेही तेच. रुग्णाचा हिशेब असा की एक गोळी घेतल्याने काय बिघडणार? प्रत्येकाची चाल समजण्यासारखी आहे. पण सगळ्यांची मिळून गावातील जंतूंवर चाळणी रोज फिरत राहते आणि खड्यासारखे जंतू उरतात. ते कोणाच्या छातीत, जखमेत किंवा बाळंतिणीच्या रक्तात जातील, हे कोणालाच माहीत नसते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हा धोका एका कल्पित गोष्टीतून सांगितला होता. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच थोडेसे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, पण औषधाला पुरे पडायला शिकतात. मग त्याच्या बायकोला त्यांचीच लागण होते, औषध चालत नाही आणि ती मरते. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला. नालासोपाऱ्याच्या त्या तरुणाने हे व्याख्यान ऐकलेले नव्हते, पण तो बोलला ते तेच. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ मध्ये छापून आला. फ्लेमिंग यांची गोष्ट अशी खरी झाली.

मुंबईतील नोंदी

हे सारे आपल्यापासून दूर नाही. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात आहे, आणि मुंबई तर आपल्या रोजच्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला. १९९१ मध्ये मुंबईतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचे औषध लिहायला सांगितले तर त्यांनी ८० वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. २०१० मध्ये तशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली. १०६ डॉक्टरांपैकी बरोबर औषधयोजना लिहिणारे निघाले फक्त ६, आणि पद्धती ६३.

त्यानंतर २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. 'पूर्ण औषधरोधी' या शब्दावर पुढे वाद झाला, पण त्या हकीकतीतील एक तपशील वादापलीकडचा आहे. चारपैकी तिघांनी अनेक खाजगी डॉक्टर बदललेले होते आणि त्यांना पुढची औषधे एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत वाढवून दिलेली होती. वरचा हिशेब आठवा. आधीची औषधे निकामी होत असताना एकच नवे औषध जोडणे म्हणजे जंतूला एका वेळी एकच कुलूप देणे. तो ते उघडतो आणि पुढच्या कुलपाची वाट पाहतो.

न्हाणीघरातील नळ

तिसरे शास्त्र नियंत्रणाचे. गच्चीवरच्या टाकीतील फ्लोट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पाणी वर आले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. यात तीन भाग असतात: मोजणारा, ठरवणारा आणि करणारा. केलेल्या कामाची खबर मोजणाऱ्याकडे परत येते, हीच यातली मेख. अभियंते याला फीडबॅक म्हणतात. आपले शरीर अशा शेकडो फ्लोटांवर चालते. उकाड्यात घाम येतो, थंडीत अंग थरथरते, जेवणानंतर इन्सुलिन वाढते.

पण खबर उशिरा आली तर काय होते? हिवाळ्यात न्हाणीघरात गिझरचा नळ सोडा. पाणी गारच येते म्हणून आपण नळ आणखी फिरवतो. तरी गारच. आणखी फिरवतो. मग एकदम कढत पाणी अंगावर येते आणि आपण घाईने नळ उलटा फिरवतो. दोष ना पाण्याचा, ना नळाचा. दोष खबर येण्याला लागणाऱ्या वेळेचा. उशिरा आलेल्या खबरीवर जोराने केलेली कृती नेहमीच घोटाळा करते.

क्षयाच्या उपचारात अनेक वर्षे हेच होत होते. जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे कळायला ते वाढवून पाहावे लागत आणि त्यात आठवड्यांमागून आठवडे जात. तोवर डॉक्टर अंदाजाने नळ फिरवत. आता सीबीनॅट ही तपासणी साधारण दोन तासांत जंतू आहेत की नाहीत आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही हे सांगते. गोव्यातील कंपनीने तयार केलेली 'ट्रूनॅट' ही तपासणीही तेच काम लहानशा यंत्रावर करते. तिला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. यंत्र छोटे असल्याने मोठ्या शहरातील प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

चुकीचा काटा

नियंत्रणात उशिरापेक्षाही वाईट गोष्ट एकच: काटाच चुकीचा असणे. फ्लोट अडकून टाकी भरल्याचे खोटेच दाखवू लागला, तर पंप बंद होतो आणि घरात पाणी नसते.

त्या तरुणाचे हेच झाले. त्याचा काटा होता 'बरे वाटणे'. क्षयाच्या उपचारात झपाट्याने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. खोकला आणि ताप मुख्यतः त्यांच्यामुळे असतो, म्हणून रुग्णाला लवकर बरे वाटते. पण काही जंतू सुस्त पडून असतात. औषध बहुधा वाढणाऱ्या जंतूला मारते, झोपलेल्याला मारायला वेळ लागतो. पुढचे चार महिने या झोपलेल्यांसाठीच असतात. बरे वाटण्याचा काटा शून्यावर आला तेव्हा छातीतील खरा आकडा शून्यावर आलेलाच नव्हता.

खरा काटा म्हणजे थुंकीची तपासणी, वजन आणि डॉक्टरांची नोंद. दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना थुंकी तपासतात ती याचसाठी. 'आता खोकला नाही, मग थुंकी कशाला?' असे म्हणणारे रुग्ण पुष्कळ भेटतात. खोकला नाही तेव्हाच त्या तपासणीची जास्त गरज असते.

गोळ्यांत मध्येमध्ये खंड पडणेही असेच घातक. रक्तातील औषधाची पातळी मारक रेघेच्या वर असते तोवर जंतू मरतात. ती मधल्या पट्ट्यात घसरली की दुबळे मरतात आणि निबर तगतात. म्हणजे अर्धवट औषध कधीकधी औषध न घेण्यापेक्षाही वाईट, कारण चाळणी चालूच राहते. आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस गोळ्या देत. २०१७ पासून सर्वत्र रोज देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. 'कोणतेही अँटिबायोटिक पूर्ण कोर्स घ्या' हा सल्ला आपण सगळेच देत आलो. साध्या संसर्गांबाबत या सल्ल्याचा आता फेरविचार झाला आहे. पुष्कळ आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स पुरतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे आणि रुग्णाने विचारावे. परंतु क्षयाला हा फेरविचार लागू नाही. तेथे ठरलेला काळ पुरा केलाच पाहिजे.

बोंडअळी आणि कर्करोग

तिन्ही शास्त्रे एकत्र कशी येतात, याची आणखी दोन उदाहरणे पाहून पुढे जाऊ. पहिले आपल्याच राज्यातील शेताचे आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्या कडेने साध्या कपाशीच्या काही ओळी लावाव्यात असा नियम होता, आणि बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या बियाण्याची वेगळी पुडीही मिळे. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा निबर पतंगांशी संकर व्हावा आणि निबरपणा पातळ व्हावा, असा हेतू. पण त्या ओळींत अळी लागणार, म्हणजे नुकसान ज्याचे त्याचे आणि फायदा साऱ्या गावाचा. बहुतेकांनी ती पुडी वापरलीच नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले. दवाखान्यातील डाव आणि हा डाव एकच आहे.

दुसरे उदाहरण कर्करोगाचे. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गेटनबी यांनी किडींच्या अशाच अनुभवातून धडा घेतला. प्रगत अवस्थेतील प्रोस्टेट कर्करोगात औषधाचा मारा चालूच ठेवला तर औषधाला दाद देणाऱ्या पेशी मरतात आणि न देणाऱ्यांना रान मोकळे होते. म्हणून रक्ततपासणीतील आकडा निम्म्यावर आला की औषध थांबवायचे, पूर्वीच्या पातळीवर गेला की पुन्हा द्यायचे. मधल्या काळात साध्या पेशीच निबर पेशींना दाबून ठेवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११ रुग्णांच्या पहिल्या अहवालात निम्म्याहून कमी औषधात रोग जास्त काळ आटोक्यात राहिल्याचे दिसले. अभ्यास लहान होता आणि ही पद्धत अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. शिवाय तो रोग मुळातून जाणार नाही हे धरूनच ती आखलेली आहे. क्षय मात्र पूर्ण बरा होतो. तेव्हा 'थांबून थांबून औषध' ही कल्पना कोणीही आपल्या गोळ्यांना लावू नये.

डाव पालटतो कसा?

मग सर्वांचे नुकसान करणाऱ्या या डावातून बाहेर पडायचे कसे? रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर निरनिराळ्या चालींची स्पर्धा घेतली. त्यात सर्वांत साधी चाल जिंकली: आधी सहकार्य करा, मग समोरचा जसे वागेल तसे वागा. १९८१ मध्ये त्यांनी जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांच्यासह दाखवले की हे तेव्हाच जमते, जेव्हा तीच माणसे पुन्हापुन्हा भेटणार असतात.

आपल्या भागासाठी यात मोठा अर्थ आहे. वसई-विरारमध्ये भाड्याची खोली बदलत राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. खोली बदलली की डॉक्टर बदलतो, जुने कागद हरवतात आणि नवा डॉक्टर पहिल्यापासून अंदाज करतो. ज्या घराचा डॉक्टर वर्षानुवर्षे एकच असतो, तेथे तो 'आज अँटिबायोटिक नको, तीन दिवसांनी दाखव' असे म्हणू शकतो, कारण रुग्ण परत येणार याची त्याला खात्री असते. फॅमिली डॉक्टर ही जुनी पद्धत जंतूंविरुद्धची चांगली चाल आहे.

दुसरा मार्ग नियम बदलण्याचा. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मधील औषधे, ज्यात क्षयाची आणि अनेक वरच्या पातळीची अँटिबायोटिके येतात, विकताना दुकानदाराने रुग्णाची आणि डॉक्टरची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. तिसरा मार्ग औषध घेणाऱ्याला आधार देण्याचा. सरकारी क्षय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये करण्यात आले. औषधरोधी क्षयासाठीही दोन वर्षांच्या जागी सहा महिन्यांच्या, इंजेक्शन नसलेल्या उपचाराला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्या बहिणीच्या वेळी तो असता तर तिचा कान वाचला असता.

वाचकांसाठी थोडक्यात

१. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नये.

२. क्षयाच्या गोळ्यांतील एकही गोळी स्वतःच्या मनाने वगळू नये. मळमळ, डोळ्यांना अंधुक दिसणे, कावीळ असा त्रास झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

३. गाव किंवा खोली बदलायची असेल तर आधी आपल्या आरोग्य केंद्रात कळवावे. उपचार पुढच्या ठिकाणी चालू ठेवता येतात. जुने कागद फेकू नयेत.

४. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नये. दिले तर 'हे कशासाठी आणि किती दिवस?' असे अवश्य विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

५. घरात उरलेल्या किंवा शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या घेऊ नयेत. पाकिटावर लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे लक्षात ठेवावे.

६. घरात क्षयरुग्ण असेल तर लहान मुले आणि बाकीच्यांची तपासणी करून घ्यावी. रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याला वेगळे टाकू नये. एकट्या पडलेल्या माणसाच्याच गोळ्या आधी सुटतात.

तो तरुण अजूनही कधीमधी भेटतो. त्याच्या चाळीत कोणाला क्षय निघाला की तोच रोज संध्याकाळी जाऊन विचारतो, ''आजच्या घेतल्यास का?'' त्याला डावाचे शास्त्र माहीत नाही, उत्क्रांतीचेही नाही. पण आपल्या गोळीचा हिशेब आपल्यापुरता नसतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज उरलेली नाही.